मामांचा जबडा

आमच्या मामांइतका मोठ्यानं बोलणारा माणूस कोल्हापुरात झाला नाही, आणि मामांइतका बिनआवाजी बोलणारा माणूसही झाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हीला मी साक्षीदार आहे. मामा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघायचे तेव्हा बोली पुकारायचं काम मामांकडं असायचं. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीवर एक पाय ठेवून त्यांनी भाव पुकारला की पलीकडच्या कांद्याच्या गाळ्यातला माणूस दचकून उगीचच भाव वाढवून द्यायचा, असं तिथले हमाल सांगायचे. पण हाच माणूस मंगळवार पेठेतल्या आपल्या घराच्या उंबऱ्यावर चपला काढायचा, तेव्हा आवाजही चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवायचा. आत पाऊल टाकलं की तोंड भलंमोठं उघडतंय, ओठ गोल होतायत, लांब होतायत, हनुवटी खाली-वर नाचतेय, आणि आवाज म्हणाल तर मुळीच नाही. नवीन माणसाला वाटायचं, आपल्याच कानात काहीतरी बिघाड झालाय.

बिघाड आत्याच्या कानात होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिला मोठा ताप आला, त्यावर इंजेक्शनं झाली, ताप गेला आणि जाताना ऐकू येणंही घेऊन गेला. नातेवाइकांनी चार दिवस हळहळ केली. मामांनी हळहळ केली नाही. त्यांनी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून बोलायचा सराव सुरू केला. कुठला शब्द बोलताना तोंड कसं दिसतं हे बघायचं, दिसत नसेल तर तो शब्द आणखी मोठं तोंड करून बोलायचा, आणि मग तेच आत्यासमोर. आवाज तिच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून तो त्यांनी घरापुरता बंदच केला. होता होता आत्या त्यांचं तोंड वाचायला शिकली. दुसऱ्या कुणाचं तिला तसं वाचता आलं नाही. "बाकीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलत्यात," असं ती माझ्या तोंडावर सांगायची. त्यामुळं भाजीचा भाव असो, कुणाचं लग्न ठरलेलं असो, कुणी गेलेलं असो, जगातली प्रत्येक बातमी आत्याकडं एकाच दारानं यायची आणि ते दार म्हणजे मामांचं तोंड.

एवढ्या दारासाठी त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर मिशी काढली. आता कोल्हापुरात, तेही तालमीत वाढलेल्या माणसानं, भरघोस मिशी एका सकाळी भादरून टाकायची म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. तालमीतल्या जुन्या मित्रांनी त्यांना पार धुऊन काढलं. कुणी म्हणालं पैज हरला, कुणी म्हणालं बायकोनं काढायला लावली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वरचा ओठ झाकतोय. तिला वाचाय अडचण व्हत्या." त्यानंतर म्हणे तालमीत त्या विषयावर कुणी बोललं नाही, पण मला ते खरं वाटत नाही. कोल्हापुरात असा विषय कुणी सोडत नसतं.

त्यांच्या तऱ्हा किती सांगाव्यात! संध्याकाळी दोघं रंकाळ्यावर फिरायला जायची, तेव्हा आत्या सरळ चालायची आणि मामा तिच्यासमोर तोंड करून उलटे चालायचे, कारण शेजारून चालताना बोलणं दिसत नाही. अशा उलट्या चालण्यात त्यांनी एकदा भेळेच्या गाडीला पाठ लावून चुरमुऱ्यांचा डबा आडवा केला. भेळवाला खवळला, मामांनी त्याची माफी मागितली, आणि लगेच आत्याकडं वळून भेळवाला काय काय म्हणाला ते शिव्यांसकट तिला सांगितलं. टीव्हीवर मालिका लागली की मामा टीव्हीच्या शेजारी खुर्ची टाकून आत्याकडं तोंड करून बसायचे आणि सासूचं, सुनेचं, वकिलाचं, सगळ्यांचं बोलणं आपल्या तोंडानं करून दाखवायचे. सून रडायला लागली की यांचाही चेहरा रडवेला. त्या मालिकेतली सासू म्हणजे आत्याच्या लेखी मामाच होते, त्यामुळं सासू जास्तच टोचून बोलली की आत्या मामांवर डाफरायची. दिवे गेले की मामा हनुवटीखाली बॅटरी धरून बोलायचे. एकदा शेजारची बाई साखर मागायला आली आणि अंधारात ते खालून उजळलेलं, आ वासलेलं तोंड बघून साखर न घेताच पळाली.

आणि कोडोलीचं ते लग्न. पुरुषांची पंगत एकीकडं, बायकांची समोर. मामांनी पहिला घास घेतला आणि लांबूनच आत्याला बिनआवाजी सांगितलं की वांगं कच्चं आहे, खाऊ नकोस. त्यांना वाटलं, गुपचूप सांगितलं. पण त्यांच्या तोंडाचा आकार एवढा, की पंगतीतल्या झाडून सगळ्या पावण्यांनी ते वाचलं आणि एकेकानं वांगं पानाच्या कडेला सारलं. मुलीचा बाप हात जोडून विचारत फिरतोय, काय चुकलं, काय चुकलं. मामा मान खाली घालून वरण-भात खात होते.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की रोज सगळंच्या सगळं कशाला सांगायचं, थोडं गाळलं तर चालत नाही का? निदान वाईट बातम्या तरी? मामा तेव्हा आवाजात बोलले, कारण आत्या परसात होती. म्हणाले, "तिला दुसरीकडनं खात्री करून घेता येत न्हाय की गं. मग मी खोटं कसं सांगू?" मला असं सगळं खरं कुणी कधी सांगितलेलं नाही आणि मी कुणाला सांगितलेलं नाही.

जबड्याची भानगड सुरू झाली तेव्हा आधी नुसता आवाज यायचा. घास चावताना कानापुढं कट्‌ व्हायचं. मामा हसायचे, म्हणायचे बरं झालं हिला ऐकू येत नाही. मग भाकरीचा तुकडा बारीक मोडून घ्यायला लागले. मग वडा नको, पेरू नको. आम्हाला वाटलं वय झालं, दात दुखत असतील. आम्हाला त्यांचं बोलणं पहिल्यासारखंच ऐकू येत होतं, खणखणीत. ओळखलं ते आत्यानं. एका दुपारी जेवता जेवता ती थांबली, त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही अलीकडं बोबडं बोलाय लागलाय." मामांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली. तिला निम्मंच कळलं होतं. त्या दिवशी मामांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दोघांना घेऊन जबड्याच्या डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, बोलायला गोड. त्यांनी मामांना आपली तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी तोंडात तीन जातात. मामांच्या तोंडात दोन गेली, तीही कशीबशी. मग एक्सरे. तो साधा एक्सरे नव्हता. उभं राहून हनुवटी टेकवायची, दातात प्लास्टिकची कांडी धरायची आणि अजिबात हलायचं नाही. यंत्राचा हात घूं घूं करत डोक्याभोवती फिरतो आणि सगळा जबडा एका पट्टीत उतरतो. यंत्र मामांच्या मागं गेलं आणि मामांनी गर्रकन मागं वळून बघितलं. पुन्हा घेतला, पुन्हा वळले. एक्सरेवाल्यानं कपाळाला हात लावला. पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत? इतकी वर्षं रस्त्यानं चालताना मागून काहीही वाजलं, तर मामा दोघांच्या वतीनं वळून बघत आलेत. आत्याला हॉर्न ऐकू येत नाही, तिचे कान यांच्याच मानेवर बसवलेले आहेत. "पाठीमागनं कायतरी चाललंय आणि माणसानं बघायचं न्हाय, ह्ये कुठलं शास्त्र?" असं मामा त्यालाच विचारत होते. शेवटी आत्याला यंत्राच्या मागं, जरा लांब उभं केलं, आणि मागं ती आहे म्हटल्यावर मामा शांत उभे राहिले.

एक्सरेत हाडं दिसली, पण सांध्यातली मऊ गादी दिसत नाही, म्हणून एमआरआय करायला सांगितला. तिथं वेगळाच तमाशा. अंगावर धातू चालत नाही म्हटल्यावर मामांच्या कमरेचा चांदीचा करदोडा काढायचा प्रश्न आला. लग्नात काढला नव्हता, आता काय म्हणून काढू, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात आत्यानं आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरवून माझ्या हातात दिलं. तिला आत जायचं होतं. मामा बघत राहिले आणि मुकाट्यानं करदोडा सोडला. यंत्रावरच्या माणसानं आत्याला खुणेनं सांगितलं की आत फार मोठा आवाज होतो, कानात कापूस घाला. आत्या एवढ्या जोरात हसली की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. इतक्या वर्षांत तिच्या बहिरेपणाचा कुठं उपयोग झाला असेल तर तिथं.

मी काचेच्या अलीकडं उभी होते, एका मुठीत मंगळसूत्र आणि एका मुठीत करदोडा. मामांचं डोकं एका पिंजऱ्यात अडकवलं होतं आणि पिंजऱ्याला छोटा आरसा होता, आत झोपलेल्याला बाहेरचं दिसावं म्हणून. आत्या त्यांच्या पायांशी स्टुलावर बसली. त्या आरशातून त्यांना ती दिसत होती आणि तिला त्यांचं तोंड. झालं! आधी तोंड मिटून चित्रं घ्यायची होती, ती हलली. मग दातात ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवून घेतली, ती बरी आली, कारण ठोकळा होता. शेवटी हलती चित्रं घ्यायची होती, तोंड सावकाश उघडा, सावकाश मिटा. यंत्रावरचा माणूस माईकवरून परत परत सांगत होता, "काका, नुसतं उघडा आणि मिटा. बोलू नका." काका ऐकतील तर शपथ. मला काचेतून मामांचं तोंड दिसत नव्हतं. दिसलं ते एवढंच, की आत्यानं आरशाकडं बघून नाही म्हणून मान हलवली आणि त्यांच्या पायावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी विचारलं की एवढं काय बोलत होता? मामा म्हणाले, "तुला काय करायचंय?"

चित्रं बघून डॉक्टरीणबाई आणखी एक स्कॅन करून घ्या म्हणाल्या, हाडांचा, सीटी. त्यात सगळं स्पष्ट झालं. कानापुढं जबड्याचा गोळा एका वाटीत फिरत असतो, मध्ये मऊ गादी असते. मामांची गादी केव्हाच संपली होती आणि आता गोळा आणि वाटी यांच्यामधून हाड वाढत चाललं होतं, दोन्ही बाजूंना. तरुणपणी कधी हनुवटीवर पडलात का, असं त्यांनी विचारलं. पडले होते. गुळाच्या ट्रकवरून, आत्याला ऐकू येत होतं तेव्हाच्या दिवसांत. एवढ्याशा गोष्टीची तोवर कुणाला आठवणही नव्हती. हाड कापून सांधा मोकळा करता येतो, पण मामांचं हृदय आधीच कमजोर, भूल द्यायला कुणी तयार होईना. मी मिरजेत विचारलं, पुण्यात विचारलं, सगळीकडं तेच. तोंड मिटत जाणार आणि किती दिवसांत ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे त्या बोलत होत्या तेव्हा आत्या त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती मामांकडं बघत होती, आपली बातमी यायची वाट बघत. आणि मामांनी तिला सांगितलं. जेवढं तोंड उघडत होतं तेवढं उघडून, एक शब्द न गाळता. हाड वाढतंय, मिटत जाणार, इलाज नाही. मी भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडं बघत बसले, कारण त्या दोघांकडं मला बघवेना.

जाता जाता डॉक्टरीणबाईंनी एक व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि तोंड जेवढं उघडं ठेवता येईल तेवढं ठेवायचं, जबडा हलता ठेवायचा. मामांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. बोलणं हाच व्यायाम, डॉक्टरांनीच सांगितलाय! आणि मग ते जे बोलायला लागले! सकाळी उठल्यापासून आत्याला समोर बसवून बोलायचे. जुन्या गोष्टी, सौद्यातल्या भांडणांच्या, नृसिंहवाडीला नदीच्या पुरात अडकले होते त्याच्या. ती बहिरी झाल्यापासून तिच्यासमोर झालेली पण सांगायची राहून गेलेली बोलणी. कुकर कसा वाजतो, शेजारची शिलाई मशीन कशी वाजते, तिचा स्वतःचा आवाज आता कसा झालाय, हेसुद्धा. त्यासाठी काड्यांचा ढीग दातांत घालून आधी जबडा सैल करून घ्यायचे. काड्या फळं घालून कॉकटेल आइस्क्रीम देणाऱ्याकडून मीच मूठभर आणून दिल्या होत्या. ढीग हळूहळू लहान होत गेला. दातांत मावेना म्हणून काढून ठेवलेली काडी आत्या टाकून द्यायची नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात उभी करून ठेवायची. मला त्या पेल्याचा राग यायचा. मी एकदा बोलूनही दाखवलं, पण तिला ते कळलं नाही आणि कळवायला मामांनी पहिल्यांदाच नकार दिला.

मग एके दिवशी दातांत एकही काडी जाईना. आज मामा पेज पितात, दातांच्या फटीतून. आणि देवाची करणी बघा, बोलता येतं त्यांना. मिटल्या दातांतून, पण चांगलं मोठ्यानं. दूधवाला, शेजारी, मी, आम्हाला सगळ्यांना कळतं. परवा यार्डातले जुने अडते भेटायला आले होते, त्यांच्यासमोर मामांनी दात न उघडता एक सौदा पुकारून दाखवला आणि त्या लोकांनी हसून हसून डोळे पुसले. साऱ्या कोल्हापूरला त्यांचं बोलणं कळतं. कळत नाही ते एकट्या आत्याला. ती वाचायला शिकली होती ते सगळं तोंड, तो पडणारा-उठणारा जबडा. नुसत्या थरथरणाऱ्या ओठांतून तिला चार शब्दांतला एक कळतो. मी पाटी आणून दिली, मोबाइलवर मोठी अक्षरं करून दिली. आत्याला वाचता येतं. ती वाचते, मान हलवते आणि पाटी बाजूला ठेवते. "समदं बराबर लिवलंय," मला म्हणाली, "पर त्यात ते दिसत न्हाईत."

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडं बसून स्कॅनची सगळी पाकिटं काढली होती. कुणीतरी आणखी एका डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं, त्यांना पाठवायला. एमआरआयची सीडी लॅपटॉपला लावली आणि चित्रं बघता बघता ती हलती चित्रं सुरू झाली. राखी रंगात, एका बाजूनं दिसणारं मामांचं डोकं. नाक, ओठ, जीभ, हनुवटी. जबडा पडतोय, उठतोय, ओठ लांब होतायत, मिटतायत. आवाज अर्थातच नाही. आत्या चहा घेऊन आली होती. कप तिनं तसाच खाली ठेवला आणि माझ्या शेजारी बसली. चित्रं संपली. तिनं माझ्या हाताला धरून पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा चालू झाली तेव्हा ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

"जेवलीस का म्हणत्यात," ती म्हणाली.

स्कॅनच्या त्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो होतो आणि तिच्या पोटात काही नव्हतं. यंत्र कानठळ्या बसवत होतं, माणूस माईकवरून ओरडत होता आणि मामा त्या पिंजऱ्यात झोपून आरशातून तिला तेवढंच विचारत होते. मी मागं वळून बघितलं. मामा दारात उभे होते. पडद्यावरचा जबडा हलला की त्याच्याबरोबर तेही मिटल्या दातांतून तेच म्हणत होते, त्यांच्या जुन्या सौद्याच्या आवाजात, "जेवलीस का? जेवलीस का?" मला ऐकू येत होतं. आत्याची त्यांच्याकडं पाठ होती.

"न्हाय अजून," आत्या पडद्याला म्हणाली. "तुम्ही या, मग बसू."

मामांनी मला हातानं खूण केली, परत लाव म्हणून. मी परत लावलं, आणि ताटं घ्यायला उठले.